विंडोज ११ टाकायचंय पण टीपीएम नाही म्हणतंय

कागदवाला:
घरचा पीसी आय३ ८१००, ८ जीबी रॅम, १ टीबी हार्डडिस्क. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला तेव्हापासून डोक्याला घोर लागलाय, आईचं बँकेचं सगळं याच पीसीवर चालतं. मायक्रोसॉफ्टचं हेल्थ चेक अ‍ॅप दाखवतंय टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी चिप) नाही, सिक्युअर बूट (पीसी सुरू होताना फक्त खात्रीचंच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) नाही. दुकानदार म्हणतो मदरबोर्ड बदला. खरंच बदलावा लागेल का? आणि माझं डीटीपीचं (छपाईची पानं जुळवायचं) जुनं सॉफ्टवेअर आहे, डोंगलवालं, म्हणजे लायसन्सचं छोटं यंत्र पीसीला लावलं तरच चालणारं, पत्रिका-अहवाल त्यातच करतो, ते चालेल का?

सातारी_मिसळ:
मदरबोर्ड अजिबात बदलू नका!! आठव्या जनरेशनचा प्रोसेसर ११ ला चालतो. टीपीएमची वेगळी चिप लागत नाही, बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी मदरबोर्डची सेटिंग) इंटेल पीटीटी म्हणून ऑप्शन असतो, तोच टीपीएमचं काम करतो, तो बंद असेल, चालू करा. सिक्युअर बूटसाठी मात्र डिस्कची मांडणी नव्या जीपीटी पद्धतीची पाहिजे, तुमची जुन्या एमबीआर पद्धतीची असणार. आधी एमबीआरटूजीपीटी कमांडने व्हॅलिडेट करून बघा, कन्व्हर्ट करा आणि मगच बायोसमध्ये सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करायची सोय) बंद करा. उलटं केलंत तर विंडोज बूटच होणार नाही.

कागदवाला:
पीटीटी सापडलं, टीपीएम आलं, खूप आभार. पण व्हॅलिडेट फेल येतंय. सी, डी, ई, एफ असे ड्राइव्ह पाडलेत.

नेटका:
त्यामुळेच. डी-ई-एफ एक्स्टेंडेड पार्टिशनमध्ये (एका मोठ्या भागाच्या पोटात पाडलेले ड्राइव्ह) असतील तर ती कमांड नाहीच म्हणते. त्यात डोकं घालू नका, एसएसडी (हार्डडिस्कपेक्षा वेगवान डिस्क) घ्या, नाहीतरी हार्डडिस्कवर ११ फार रखडतं. हार्डडिस्कची वायर काढून ठेवा, सीएसएम बंद करून एसएसडीवर कोरं ११ टाका, मग हार्डडिस्क परत जोडा, डेटा जसाच्या तसा दिसेल. १० अ‍ॅक्टिव्हेट असेल तर लायसन्स सहसा आपोआप लागतं, की विचारली तर स्किप करा. तरी आईची कागदपत्रं आधी पेनड्राइव्हवर घ्याच.

सातारी_मिसळ:
हेच बरं. फक्त डोंगलचं कंपनीला आधी फोन करून विचारा, त्याच्या जुन्या ड्रायव्हरला ११ मधली कोअर आयसोलेशन ही सुरक्षेची सोय अडवू शकते. तोवर १० वरच राहायचं असेल तर सेटिंग्जमध्ये अपडेटच्या पानावर ईएसयूची (सपोर्ट संपल्यावरच्या जादा सिक्युरिटी अपडेटची) लिंक दिसेल, मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करून बॅकअप चालू केला की १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सिक्युरिटी अपडेट फुकट मिळतात. आईचं बँकिंग आहे ना, मग हे आजच करा. आणि ११ टाकल्यावर बिटलॉकर (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी सोय) आपोआप चालू झालंय का बघा, झालं असेल तर रिकव्हरी की वहीत लिहून ठेवा.