ऑर्गॅझम शब्द आला कुठून? आणि मराठीत काय लिहायचं?

आगाऊ_कार्टा:
मंडळी, विषय जरा अवघड आहे पण प्रश्न खरंच भाषेचा आहे, धागा उडवू नका. एका आरोग्यविषयक लेखाचं मराठी करतोय आणि 'ऑर्गॅझम'पाशी अडलोय. 'परमोच्च बिंदू' लिहिलं की कळसूबाई चढल्यासारखं वाटतं, 'स्खलन' लिहिलं तर बायकोने लगेच पकडलं, म्हणे हे फक्त तुमचं झालं, आमचं काय? मित्र म्हणतो मूळ शब्द 'ऑर्गन'वरून आलाय. खरं का?

व्युत्पत्तीवेडा:
नाही हो, ती नुसती दिसण्यातली गल्लत. ऑर्गन येतो 'एर्गॉन'वरून, म्हणजे काम, इंग्रजी 'वर्क' त्याचाच भाऊबंद. (आपल्याकडे पण ऑफिसातलं काम 'कर्म'वरून आलंय आणि कामदेवातलं काम वेगळंच, तसंच.) ऑर्गॅझमच्या मागे ग्रीक 'ऑर्गाओ' आहे, रसाने भरून येणं, फुगणं. फळ पिकायला आलं तरी ऑर्गाओ, जमीन ओलीने भरून आली तरी तेच, आणि जनावर माजावर आलं तरी तेच! रागाला ग्रीकमध्ये 'ऑर्गे' म्हणतात, तोही याच कुळातला, आणि इंग्रजीत सतराव्या शतकात ऑर्गॅझम आला तेव्हा रागाच्या उमाळ्यालाही वापरायचे. मजा म्हणजे संस्कृत 'ऊर्ज्' याच मुळातला मानतात. वेदात त्याचा अर्थ रस, पोषण, बळ. आपण ऊर्जा म्हटलं की वीजबिल आठवतो ते सोडा.

निसणीवरची_मांजर:
मग 'क्लायमॅक्स' पण घ्या. ग्रीकमध्ये क्लायमॅक्स म्हणजे चक्क शिडी! आधी तो अलंकारशास्त्रातला शब्द होता, एकावर एक चढत जाणारी वाक्यं, मग नुसती वरची पायरी उरली, लैंगिक अर्थ तर फारच उशिराचा. मूळ धातू 'टेकणे', संस्कृतात 'श्रि', त्यातूनच आश्रय, आणि त्यातूनच निःश्रेणी म्हणजे शिडी. माझं आजोळ गोव्यातलं, तिथे शिडीला अजून निसण म्हणतात, ती हीच. आता आजीसमोर आंबे काढायला निसण मागताना हसू येणार मला.

जुनं_खोड:
मराठीत शब्द नाही म्हणून रडण्याआधी कामसूत्र उघडा. दुसऱ्या अधिकरणाच्या (म्हणजे भागाच्या) पहिल्याच अध्यायात रतीचे पर्याय दिलेत: रस, रती, प्रीती, भाव, राग, वेग, समाप्ती. बघा, पहिलाच शब्द रस, म्हणजे ग्रीकांच्या फळाशी गाठ पडलीच की. आणि स्त्रीला हे सुख पुरुषासारखं मिळतं की नाही यावर औद्दालकी आणि बाभ्रव्य या आधीच्या आचार्यांच्या मतांची तिथे चांगली खडाजंगी आहे, ग्रंथकर्ता वात्स्यायन दोघांनाही सांगतो की सुख सारखंच. 'स्खलन' मात्र नकोच, स्खल् म्हणजे घसरणं, ठेचकाळणं. शब्दातच चूक झाल्याचा सूर आहे, शिवाय ते वीर्यापुरतं. आणि घराघरात खरा वापरातला शब्द कुठला? 'झालं?' एवढाच.

आगाऊ_कार्टा:
सगळ्यांचे आभार. 'कामतृप्ती' सुचवून बघितला तर घरून उत्तर आलं की तृप्ती नंतरची, तो क्षण वेगळा. म्हणून लेखात 'ऑर्गॅझम'च ठेवतोय, पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात रसाने भरून येण्याचा अर्थ देतो. खोडसाहेब, तुमची यादी पण वाचून दाखवली. 'समाप्ती'वर म्हणाली, हा नक्की कुठल्यातरी पुरुषाने घातला असणार.