मदत हवी आहे: तालमीआधीचे खेळ सुचवा (जरा लवकर)

टेकू
राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीला तीन आठवडे उरलेत. तालमीआधी वीस-पंचवीस मिनिटं घ्यायला खेळ हवेत. झिप-झॅप-झॉप झालं, आरसा झाला. आता 'गोलात या' म्हटलं की लोकांची तोंडं वाकडी. आज संध्याकाळच्या आत सांगा. 'गूगल करा' म्हणू नका, केलंय.

विंगेतली_चिमणी
किती जण? वयं काय? जागा केवढी? नाटकात पळापळ आहे की सगळे सोफ्यावर बसून बोलतात?

लगोरीबहाद्दर
एवढ्या चौकशा कशाला, विषामृत घ्या. कॉलेजात आम्ही रोज खेळायचो. दहा मिनिटांत घाम, आणि 'विष' मिळालेला जागच्या जागी थिजतो, त्यामुळे फ्रीज आपोआप जमतो.

काळा_पडदा
हे खेळबिळ नवीन फॅड. आमच्या वेळी पेटीवर सा, खर्जात ओंकार, 'काळे राळे गोरे राळे' वीसदा आणि थेट संहिता. घसा बसला असेल तर ज्येष्ठमध चघळा.

लगोरीबहाद्दर
घशाबद्दल कोणी विचारलंय का काका?

तळटीप
'नवीन फॅड' नाही. अमेरिकन नाट्यशिक्षिका व्हायोला स्पोलिन 1930च्या दशकात शिकागोत स्थलांतरितांच्या मुलांबरोबर काम करत होत्या, त्यातून यातले बरेच खेळ आले. भाषा न कळणाऱ्या मुलांना एकत्र कसं आणायचं, असा मूळ प्रश्न होता.

काळा_पडदा
शिकागोत असतील. इथे शब्द पोचत नाहीत शेवटच्या रांगेपर्यंत. 2022ला कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेचा पुरुषोत्तम करंडक कुणालाच दिला नाही, आठवतंय ना? त्या पोरांनी काय वॉर्मअप केला नसेल?

लगोरीबहाद्दर
त्याचा इथे काय संबंध? तो वाद उकरायचा तर वेगळा धागा काढा.

टेकू
अहो, मूळ प्रश्न!! नऊ जण आहोत. दोघं साठीच्या पुढचे, एका काकूंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. जागा सोसायटीचा हॉल, दुसरा मजला. खालचे आजोबा पाय आपटले की वर येतात. विषामृत बाद.

विंगेतली_चिमणी
हे आधी सांगायचं हो! मग खुर्चीवर बसून:
वीसपर्यंत मोजा. डोळे मिटून, क्रम न ठरवता, एकाने एकच आकडा म्हणायचा. दोघं एकदम बोलले की पुन्हा एकपासून. पहिल्या दिवशी सातच्या पुढे जाणार नाही.
दुसरं, च-ची भाषा. नाटकातलाच एखादा प्रसंग तिच्यात करा. 'मला जेवायचंय'चं 'चलाम चवायचंयजे'. समोरच्याकडे नीट कान दिल्याशिवाय उत्तरच देता येत नाही. आमच्याकडे एक जण कायम दुसऱ्याचं वाक्य संपायच्या आधीच तोंड उघडायचा, त्याची खोड यानेच गेली.

ठेका
टाळ्यांवर केरवा धरा, आठ मात्रा. अर्ध्यांनी केरवा, अर्ध्यांनी दादरा, सहा मात्रांचा. चोवीस मात्रांनी दोघांची सम, म्हणजे पहिली मात्रा, एकत्र येते, तोवर आपापला ठेका सोडायचा नाही. टाळी मांडीवर, म्हणजे आजोबा वर येणार नाहीत.

टेकू
च-ची भाषा मस्त! पण आमचे नायक सव्वासातला येतात, ठाण्याहून. त्यांच्याशिवाय प्रसंग कसा करणार?

विंगेतली_चिमणी
तालीम कितीची?

टेकू
सातची. बाकीचे पावणेसातलाच येऊन बसतात.

विंगेतली_चिमणी
म्हणजे आठ माणसं अर्धा तास नायकाची वाट बघतात आणि तुम्ही त्यांना खेळ घालता. तोंडं वाकडी खेळामुळे होत नाहीयेत. आपण वेळ काढतोय, हे त्यांना कळतंय.

टेकू
असं नाहीये अगदी.
बरं, थोडंसं आहे.

ठेका
मग सातला नायक नसलेले प्रसंग घ्या आणि वीस मोजायचा खेळ तो आल्यावर. नाहीतरी बाकीच्यांचा सूर लागलेला असणार, त्यालाच खेळाची गरज आहे.

टेकू
त्यांना हे सांगणार कोण? हॉल त्यांच्याच ओळखीने मिळालाय.

लगोरीबहाद्दर
हाहाहा. सगळा पेच इथे होता तर.

टेकू
आज पहिल्या अंकातला काकूंचा प्रसंग सातला सुरू करतो. उद्या कळवतो.

काळा_पडदा
ते ठीक. पण पेटी आहे का तुमच्याकडे?