घासदाणा : वैरण की खंडणी?

प्रश्न : गुजरातेत महीकांठा म्हणून जो संस्थानांचा मुलूख होता, तिथल्या कोळी ठाकोरांच्या (म्हणजे छोट्या राजांच्या) राज्यांबद्दल वाचतोय, आंबलियारा, घोडासर वगैरे. इंग्रजी अमदानीतल्या नोंदींत 'गायकवाडास घासदाणा' असं दिसतं. घास म्हणजे गवत, दाणा म्हणजे चंदी. मग बडोद्याच्या गायकवाडांचे घोडे शंभर वर्षं यांच्याच दारात चरत होते की काय?

— आधी चरत होते, नंतर फक्त शब्द उरला. फौज मुलखात शिरली की घोड्यांच्या वैरणीच्या नावाखाली रक्कम मागायची. दिली नाही तर उभं पीक घोड्यांच्या तोंडी. चौथाई म्हणजे निदान वसुलाचा चौथा हिस्सा, इथे तसं काही माप नव्हतं. नागपूरकर भोसलेही घासदाणा घेत. १७६९ च्या कनकापूरच्या तहात माधवराव पेशव्यांनी जानोजींना औरंगाबाद सुभ्यातला घासदाणा सोडायला लावला.

— याच्याच जोडीचा शब्द 'मुलूखगिरी'. आपण आज चार किल्ले पाहून आलेल्याला कौतुकाने म्हणतो, काय मुलूखगिरी करून आलास! गुजरातेत तो खंडणी वसूल करत फिरणाऱ्या फौजेचा दौरा होता. १८०७ मध्ये बडोद्याचा इंग्रज रेसिडेंट कर्नल वॉकर याने काठेवाडात खंडणीचे आकडे ठरवून दिले. १८२० मध्ये गायकवाडांनी कबूल केलं की इंग्रजांच्या संमतीशिवाय काठेवाड-महीकांठ्यात फौज पाठवायची नाही. वसुली इंग्रज करतील आणि पैसे बडोद्याला पोचवतील. तिथून पुढच्या घासदाण्यात ना घास, ना दाणा, ना घोडा. म्हणून भाषांतरात नुसतं 'खंडणी' लिहू नये असं माझं मत. शब्दातला घोडा जातो.

प्रश्नकर्ता : पण कोळी आणि राज्य? आमच्याकडे कोळी म्हणजे होडी, जाळं, बाजार.

— तो किनाऱ्यावरचा अर्थ. जव्हारचे मुकणे राजे महादेव कोळी, सह्याद्रीतले. गुजरातचे ठाकोर शेतजमिनीवरचे. शब्द एक, समाज निराळे. जव्हार इंग्रजांना खंडणी देत नसे, म्हणून तिथल्या नोंदीत वेगळा शब्द येतो : नजराणा, नवा राजा गादीवर बसताना.

— अजून एक. ईडर महीकांठ्यातलं मोठं, पण राजपूत संस्थान. तेही गायकवाडांना वर्षाला ३०,३४० रुपये घासदाणा देई, आणि स्वतः हाताखालच्या ठाकोरांकडून जे घेई त्याचं नाव 'खिचडी'!

प्रश्नकर्ता : म्हणजे घोड्यांना घासदाणा, माणसांना खिचडी. आणि हे सगळं शिजवायचं कोणी, तर ठाकोराच्या कुळांनी.

— १९४३ मध्ये इंग्रजांनी गुजरातची अशी बरीच बारकी संस्थानं मोठ्यांना जोडून टाकली. पुष्कळ बडोद्याकडेच गेली.