आयडी आकड्यानं सुरू केला की सीएसएस लागतच नाही, काऊन?

धरमपेठ_डेव्ह: नागपूरच्या कळमना बाजारातल्या एका संत्रा व्यापाऱ्यासाठी वेबपेज बनवून रायलो. अंबिया अन् मृग, दोन्ही बहाराचा (म्हणजे संत्र्याच्या दोन्ही हंगामांचा) माल आहे, प्रत्येक लॉटच्या डब्याला लॉट नंबरच आयडी (एचटीएमएलमधलं त्या डब्याचं ओळखीचं नाव) म्हणून दिला, म्हणजे नुसते इंग्रजी आकडे, १०१, १०२ असे. जावास्क्रिप्टमध्ये गेट-एलिमेंट-बाय-आयडी केलं तर बरोबर सापडते पण सीएसएसमध्ये (पेजचं रंगरूप ठरवणारी भाषा) हॅश (#) लावून रंग दिला तर काहीच होत नाही अन् क्वेरी-सिलेक्टर (सीएसएसच्या पद्धतीनं शोधणारी जावास्क्रिप्टची कमांड) तर सरळ एररच देते. व्हॅलिडेटर (एचटीएमएल तपासणारं टूल) म्हणते सगळं ओके. मग नियम कोणाचा धरायचा?

सीताबर्डी२२: भाऊ, एचटीएमएल अन् सीएसएस, दोघांचेही नियम वेगळे आहेत. एचटीएमएल ५ ला एवढंच पाहिजे की आयडी रिकामा नको, त्यात स्पेस नको अन् पूर्ण पेजवर तो एकदाच यावा. एचटीएमएल ४ मध्ये पहिलं अक्षर ए ते झेडमधलंच लागे, ती अट गेली. पण सीएसएसमध्ये नाव अंकानं सुरू होत नाही, हायफन अन् लगेच अंक असला तरी नाही, ब्राउझर तो अख्खा रूल गुपचूप सोडून देते म्हणून तुम्हाला काही दिसून नाही रायलं. एस्केप करता येते (म्हणजे अंक खास खुणेनं लिहून चालवता येते), पण कशाला तो ताप, आधी ‘लॉट-’ लावा अन् मोकळे व्हा. नावात डॉटही टाकू नका, सीएसएस त्याच्या पुढचं क्लास (अनेक डब्यांना एकच देता येते असं नाव) समजते.

वर्धा_रोडची: अन् तोच लॉट वर ‘आजचा माल’मध्ये अन् खाली यादीत दोन्हीकडे दाखवत असाल तर आयडी डबल होईल, गेट-एलिमेंट फक्त पहिलाच देईल, तिथं क्लास वापरा. क्लासचं नाव रंगावरून ठेवू नका हो, कळकळीनं सांगते, ‘लाल’ नाव दिलं अन् उद्या व्यापारी म्हणाला संपलेला माल राखाडी दाखवा, की ‘लाल’ नावाचा क्लास राखाडी रंग देत बसते अन् पुढच्या माणसाला काही कळत नाही. ‘संपला’ ठेवा. कॅपिटल-स्मॉलही एकच पद्धत धरा, डॉकटाइप (फाइलच्या सुरुवातीला एचटीएमएल जाहीर करणारी ओळ) असलेल्या पेजवर दोन्ही वेगळे धरले जातात.

धरमपेठ_डेव्ह: झालं, लॉट- लावल्याबरोबर चाललं, धन्यवाद ताई, भाऊ! म्हणजे आयडी मराठीत ‘अंबिया’ असा दिला तरी चालते का?

सीताबर्डी२२: चालते, हॅश लावून सीएसएसमध्येही चालते. फक्त ‘दुसऱ्या’सारखे शब्द टाळा, त्यातला ऱ एका कीबोर्डवर एकच कॅरेक्टर येते अन् दुसऱ्यावर र आणि नुक्ता (खालचा टिंब) असे दोन, दिसायला सेम पण ब्राउझर ते जुळवत नाही.