सजावट येते, दर लावता येत नाही. पुण्यात कोणाकडून शिकू?

नेपथ्यवेडी
नमस्कार मंडळी. कॉलेजात असताना पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेसाठी तीन वर्षं नेपथ्य केलं. आता लग्नं आणि कंपन्यांच्या कार्यक्रमांची सजावट करते. हात चालतो, पण पैशाचं गणित दर वेळी फसतं. परवाचंच काम बघा. बाणेरला एका कंपनीचा वार्षिक कार्यक्रम १,१०,००० ला ठरला. साहित्य ६२,०००, सुतार आणि पोरांची मजुरी १८,०००, टेम्पो ६,०००. मागचा पडदा त्यांनी दोनदा बदलायला लावला, त्यात ११,००० गेले. १९ दिवस राबून उरणार १३,०००. त्यातून शेवटचे ४०,००० अजून आलेलेच नाहीत, म्हणजे आज माझेच २७,००० अडकलेत. इव्हेंट मॅनेजमेंटचा वर्षाचा कोर्स करू का? की दुसरं काही सुचवाल?

ट्रसवाला_सिंहगडरोड
कोर्सची फी आत्ता भरू नकोस. त्यापेक्षा एखाद्या नाटकाच्या व्यवस्थापकाबरोबर दोन महिने फिर. तारखा मिळवणं, बस, जेवण, तिकीटविक्री, सेटची चढउतार, सगळं तो एका वहीवर चालवतो. आपल्याकडे नाटकात बॅकस्टेजच्या पोराची नाईट, म्हणजे एका प्रयोगाचे पैसे, तीसुद्धा आधी ठरलेली असते. तुझी नाईट किती, हे तू स्वतःलाच विचारलेलं नाहीस. तुझ्या हिशेबात सुताराची मजुरी आहे, टेम्पो आहे, तुझी ओळच नाही. उरलं ते माझं, असं धरून चाललीस.

मी कोटेशन असं करतो. पहिली ओळ संकल्पना आणि आराखडा, ती रक्कम माझी, त्यात घासाघीस नाही. मग साहित्य, मजुरी, वाहतूक वेगवेगळं. रात्री अकरानंतर हॉल ताब्यात मिळणार असेल तर रात्रपाळीची मजुरी वेगळी, कारण पोरं पहाटे पाचपर्यंत शिड्यांवर असतात. आणि खाली एक वाक्य ठळक: आराखड्यात एक बदल दरात धरला आहे, पुढच्या प्रत्येक बदलाचं वेगळं बिल होईल. हे वाक्य असतं तर तुझे ११,००० वाचले असते.

पैसे तीन टप्प्यांत घे. होकाराला ५० टक्के, साहित्य हॉलवर उतरायच्या आधी ४०, कार्यक्रमानंतर १०. शेवटचा हप्ता एवढा लहान ठेव की तो अडकला तरी मजुरांचे पैसे तुझ्या खिशातून जाणार नाहीत. लोक नाराज होतील असं वाटतं ना? मलाही वाटायचं. नीट काम करणारी कंपनी ॲडव्हान्सला नाही म्हणत नाही.

हिशेबनीस
मी सीए आहे, कलाकारांची बरीच खाती बघतो. आधी उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, कर. सरकारी साइटवर आधार आणि पॅनवर होते, फुकट आहे, एजंटला पैसे देऊ नकोस. नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. नोंदणी काम घेण्याआधीच हवी, मागच्या बिलांसाठी नंतर करून वाद घालत बसावं लागतं.

दुसरं जीएसटीचं. सेवेसाठी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाखांची आहे आणि ती नफ्यावर नाही, एकूण बिलांवर मोजतात. मार्केट यार्डातली फुलं, भाड्याचे दिवे, सगळं तुझ्या बिलातून गेलं तर २० लाख कधी झाले कळणारही नाही. मोठ्या साहित्याचं बिल पुरवठादाराकडून थेट ग्राहकाच्या नावे करून घे. आणि कंपनीने टीडीएस, म्हणजे तुझ्या बिलातून आधीच कर, कापला की पैसे बुडाले असं समजू नकोस. आयकर खात्याच्या साइटवर तुझ्या पॅनवर दिसतो का ते बघ, रिटर्न भरलं की हिशेबात धरला जातो.

कोथरूडकर_ताई
मी साउंडचं काम करते. गाणी वाजणार असतील तर परवान्याचे पैसे कोण भरणार, रात्री दहानंतर साउंड बंद करायची जबाबदारी कोणाची, हेही कोटेशनमध्येच लिहून टाक. तुझं काम सजावटीचं असलं तरी त्या रात्री हॉलवर उभी असलेली माणूस तूच असतेस, पोलीस आले की सगळे तुझ्याकडेच बोट दाखवतात.

नेपथ्यवेडी
दादा, हिशेबनीस, ताई, मनापासून आभार. आज संध्याकाळी जुनी पाच बिलं काढून बसले. पाचही वेळा माझी ओळ नव्हती. कर्वे रोडवरच्या एका साखरपुड्याचं काम आलंय, त्यांना आत्ताच नवं कोटेशन पाठवलं. पहिली ओळ: संकल्पना आणि आराखडा, १५,०००. पाठवताना हात थरथरत होता. दादा, कोणी व्यवस्थापक मला बरोबर फिरू देईल का? टेम्पोत बसायची तयारी आहे.

ट्रसवाला_सिंहगडरोड
रविवारी दुपारच्या प्रयोगाला बालगंधर्व रंगमंदिराच्या मागच्या दाराशी ये, सेट उतरतो तिथे. सकाळी साडेदहाला. वही आण.