पीजे बेस: एका दगडात दोन पक्षी, की धड ना हे धड ना ते?

खालचा_सा
मंडळी, अकरा वर्षं वाजवलेला जॅझ बेस (फेंडर कंपनीने आणलेला बेस गिटारचा एक प्रकार) विकतोय. बजेट ३५ हजारांच्या आसपास. महिन्याला तीन-चार जुन्या हिंदी-मराठी गाण्यांचे कार्यक्रम, आणि रविवारी मित्रांबरोबर थोडा रॉकचा गोंगाट. घरी एकच बेस ठेवायची परवानगी आहे (कोणाची ते विचारू नका).

मन पीजेवर बसलंय. म्हणजे मधोमध फेंडरच्याच प्रिसिजन बेसचं (पी) दोन तुकड्यांचं पिकअप (तारेचं कंपन विजेत बदलणारं चुंबक आणि कॉइल) आणि ब्रिजजवळ, तारा बुडाशी टेकतात तिथे, जॅझचं (जे) एक. या बजेटच्या आगेमागे यामाहाचा बीबी२३४, टीआरबीएक्स१७४, आयबानेझचा जीएसआर२०० असे पर्याय दिसतात. माझं मत आधीच सांगून टाकतो: एकच बेस ठेवायचा तर तो पीजेच असावा. गाण्याच्या बुडाशी बसणारा तो ‘धप्’ मला जॅझच्या दोन सिंगल कॉइल (एकेरी गुंडाळीच्या) पिकअपमधून कधी मिळालाच नाही. पटत नसेल तर खोडून काढा.

ढोलकीचा_शेजारी
खोडतो. तीन वर्षं पीजे वापरला. त्यातल्या जे पिकअपच्या आवाजाचा नॉब मी दोनदाच फिरवला, त्यातला एकदा धूळ पुसताना.

दोन्ही पिकअप पूर्ण उघडली की घरी हेडफोनवर अमृत. स्टेजवर गेलात की बेस गायब. एकच तार तुम्ही दोन जागी ऐकताय, त्यामुळे मधल्या पट्ट्यातले काही स्वर एकमेकांना खातात. आणि नेमका त्याच पट्ट्यात बेस माणसाला ऐकू येतो. आपल्या ऑर्केस्ट्रात खाली आधीच गर्दी: ढोलकीचा धुम, ऑक्टोपॅडचा किक, वर कीबोर्डवाल्याचा डावा हात सुटलेला. तिथे वाट काढतं ते नुसतं पी पिकअप. फेंडरने १९५७ मध्ये ते दोन तुकड्यांत आणलं, तेव्हापासून त्यात सुधारण्यासारखं फार काही उरलेलं नाही. साधा पी घ्या, उरलेल्या पैशात तारा आणि चांगली केबल घ्या.

सोल्डर_आणि_चहा
शेजारी, दोष पीजेचा नाही, तुमच्या नॉबचा आहे. दोन्ही फुल ठेवायला सांगितलं कोणी? पी दहावर, जे सातावर ठेवून बघा. मध्य परत येतो आणि वर थोडी धार मिळते.

दुसरं म्हणजे उंची. ब्रिजजवळ तार हलतेच कमी, त्यामुळे तिथलं पिकअप अशक्त आणि पातळ वाटणारच. नव्या बेसमध्ये दोन्ही पिकअप बहुधा सारख्याच उंचीवर सोडलेली असतात. स्क्रू ड्रायव्हर घ्या, पी थोडं खाली, जे थोडं वर. फक्त वर नेताना तारेला फार चिकटवू नका. लोहचुंबक तार ओढतं आणि जाड तारेवर वरच्या पडद्यांत सूर डुगडुगतो. दहा मिनिटांचं काम आहे. लोक ते न करता बेस विकून मोकळे होतात.

मडगावकर_बास
मुख्य गोष्ट कोणी बोललंच नाही: गुणगुण.

मी लग्नांत वाजवतो. जनरेटर, एलईडीच्या भिंती, डिमर, आणि अर्थिंग देवाच्या भरवशावर. पी पिकअपचे दोन तुकडे उलटसुलट गुंडाळलेले असतात, चुंबकही उलटे, म्हणून एकाची गुणगुण दुसरा खातो. जॅझ बेसमध्येही सहसा हीच युक्ती: दोन्ही पिकअप सारखी उघडली की शांत. पीजेत मात्र पी आपल्यापुरतं शांत आहे, जे बिचाऱ्याला जोडीदारच नाही. त्याचा नॉब उघडलात की घुंऽऽ सुरू, आणि पी त्याला वाचवू शकत नाही. दुकानात शांत खोलीत हे कळतच नाही.

म्हणजे खालचा_सा, तुम्ही जॅझ विकून त्याची एकमेव शांत जागा सोडताय आणि जे मात्र परत घरी आणताय.

खालचा_सा
बास, हे डोक्यात नव्हतं. आत तांब्याची पट्टी लावून घेतली तर?

सोल्डर_आणि_चहा
अर्धाच उपयोग. दोन वेगळ्या व्याधी आहेत. तारेला हात लावल्यावर थांबते ती करकर. तिच्यावर तांब्याची पट्टी चालते. पण बेस धरून जागच्या जागी फिरल्यावर कमी-जास्त होते ती ट्रान्सफॉर्मरची चुंबकी गुणगुण. ती तांब्याला दाद देत नाही. तिच्यावर उपाय एकच: जे बदलून आतून दोन कॉइलचं, गुणगुण मारणारं जे टाकायचं. बाहेरून तसंच दिसतं, त्याच खाचेत बसतं.

मडगावकर_बास
बसतं, पण त्यातल्या काहींत वरची चकाकी थोडी मरते. आणि चकाकीसाठीच तर जे हवं होतं ना?

ढोलकीचा_शेजारी
+१. 😄

पडद्यामागचा_काका
तुम्ही सगळे पिकअप मोजताय. हातात काय येतं ते बघा. जॅझची मान खुंटीकडे साधारण ३८ मिलिमीटर, पीची ४१ किंवा त्याहून रुंद. अकरा वर्षं जॅझ धरलेल्या हाताला रुंद मान दिली तर पहिल्या दोन कार्यक्रमांत मनगट बोलायला लागेल. शेजारींचा साधा पी घेताना हे आधी तपासा.

फेंडरने ऐंशीच्या दशकात जपानमध्ये ‘जॅझ बेस स्पेशल’ बनवला: अंग पीचं, मान जॅझची, पिकअप पीजे. गन्स अँड रोझेसच्या डफ मकेगनने १९८७ च्या पहिल्या अल्बमला तोच वाजवलाय. तेव्हा ‘धड ना हे धड ना ते’ म्हणताना जरा दमानं. आणि माझ्या मते त्या बेसची खरी गंमत त्या मानेत आहे.

ढोलकीचा_शेजारी
काका, तो माणूस बोटांनी नाही, पिकने (प्लास्टिकच्या चकतीने) वाजवतो, मागे दोन गिटारींची भिंत. आमच्या मागे ढोलकी आहे. धार त्यांना लागते, आम्हाला बूड.

खालचा_सा
काल दुकानात जाऊन आलो. दोन पीजे, एक साधा पी. कॅश काउंटरशेजारी उभं राहून बेस धरून गोल फिरलो. दुकानदार म्हणाला, साहेब, गरबा शिकताय का?

बास बरोबर होते. नुसतं जे उघडलं की संगणकाकडे तोंड केल्यावर घुं, पाठ केल्यावर गप्प. काकाही बरोबर: साध्या पीची मान ओंडक्यासारखी वाटली, पीजेची लगेच हातात बसली. आणि सोल्डरभाऊंचं दहा-सात खरोखर चालतं. डिस्कोच्या काळातली एक चाल वाजवली, बोटाचा प्रत्येक टिपका वेगळा ऐकू आला. नुसत्या पीवर तीच चाल गोधडीखालून आल्यासारखी वाटत होती. पीजेच घेतोय. शांत जे पुढच्या महिन्यात टाकेन.

ढोलकीचा_शेजारी
म्हणजे आधी पैसे देऊन जे घेणार, मग पैसे देऊन ते गप्प करणार, आणि कार्यक्रमात नॉब शून्यावर ठेवणार. माझा पी फुकटात गप्प आहे.

खालचा_सा
नवा बेस घेऊन पहिला कार्यक्रम लागला की पास पाठवतो. मागच्या रांगेत बसा आणि कुठल्या गाण्यात जे उघडं होतं ते लिहून ठेवा. पाचातली तीन बरोबर आली तर मिसळ माझ्याकडून.

ढोलकीचा_शेजारी
लागली पैज. फक्त साउंडवाल्याला ढोलकी वर ठेवायला सांगू नका.