एका कपाचे ग्रॅम किती?

ताई, एका कपाचे सरसकट 240 ग्रॅम धरावेत का, असं विचारलंत. नका धरू. 240 हे मिलिलिटर. ग्रॅममध्ये ते पाण्यालाच लागू पडतं. त्याच कपात साखर साधारण 200 ग्रॅम बसते, मैदा जेमतेम 120, तोही हलक्या हाताने भरला तर. दाबून भरलात की 150 सुद्धा होतो! आमच्या कोल्हापुरात आजी धान्य पायली-मापट्याने मोजायची, पण वर्षाच्या कांदा-लसूण चटणीची मिरची मात्र किलोवरच, कारण सुकी मिरची मापात पोकळ बसते. गूळही तसाच: चिरलेला, किसलेला, प्रत्येकाचं वजन निराळं. छोटा डिजिटल काटा घ्या, तुमच्या नेहमीच्या वाटीने एकेक जिन्नस तोला आणि वजन त्या-त्या डब्यावर लिहून ठेवा.